गप्प पडलेला कुत्रा आणि 'सकाळपर्यंत बघू'

माणसांच्या डॉक्टरला रात्री येणाऱ्या फोनमध्ये गेल्या काही वर्षांत एका प्रकाराची भर पडली आहे. 'डॉक्टर, तुम्ही माणसांच्या डॉक्टर आहात हे ठाऊक आहे, पण आमचा कुत्रा संध्याकाळपासून उलट्या करतोय. पॅरासिटामॉल देऊ का? की सकाळपर्यंत बघू?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : देऊ नका. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. कारण रात्री उलटी करणारी बहुतेक कुत्री सकाळी शेपूट हलवत दारात उभी असतात. आणि एखादं सकाळ बघतच नाही. कोणतं कुठल्या प्रकारातलं, हे घरच्या माणसाने रात्री अकरा वाजता कसं ओळखायचं?

मी पशुवैद्यक नाही. कुत्र्याला कोणतं औषध द्यायचं, कधी शस्त्रक्रिया करायची, हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि या लेखात ते येणारही नाही. पण 'आता, की सकाळी?' हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एका वेळी तीस माणसं दाराशी असतात आणि डॉक्टर दोन. कोणाकडे आधी धावायचं, हे काही क्षणांत ठरवावं लागतं. या निवडीची शिस्त नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य दॉमिनिक लार्रे याने घालून दिली, असं आम्हाला शिकवलं जातं. सैनिकाचा हुद्दा न बघता जखम किती गंभीर आहे ते बघायचं, हा त्याचा नियम. प्राण्यांच्या दवाखान्यातही आज हीच शिस्त पाळतात, आणि तिचा गाभा घरच्या माणसाला शिकता येण्याइतका सोपा आहे.

त्यातला पहिला धडा असा, की जो सर्वांत जास्त ओरडतो तो सहसा सर्वांत जास्त आजारी नसतो. पाय मोडलेला तरुण विभाग डोक्यावर घेतो, आणि कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीला टेकून घामाघूम, गप्प बसलेले काका हृदयविकाराच्या झटक्यात असतात. कुत्र्याच्या बाबतीत हे दुपटीने खरं आहे. दुखणं लपवणं त्याच्या स्वभावातच आहे. त्यामुळे घरात घबराट होते ती नखातून आलेल्या रक्ताने, एका उलटीने, अंगावरच्या पुरळाने. आणि कोपऱ्यात तोंड करून पडलेला, हाक मारली तरी मान न उचलणारा कुत्रा 'आज जरा दमलाय' म्हणून सोडून दिला जातो. दिरंगाई होते ती माया कमी म्हणून नव्हे. मोजायला पट्टी नसते म्हणून होते.

श्वास, हिरड्या, शुद्ध

तर ही पट्टी. कुत्रा आजारी वाटला, की आजाराचं नाव शोधत बसू नका. मोबाइलवर लक्षणं टाकून नावं शोधण्यात जो अर्धा तास जातो, त्यातल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी बघून होतात.

पहिली, श्वास. कुत्रा शांत पडलेला किंवा झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. निरोगी कुत्र्याचा हा आकडा साधारण १५ ते ३० असतो. धावून आल्यावर किंवा उन्हात जीभ बाहेर काढून धापा टाकणं वेगळं. ते त्याचं अंग थंड करणं आहे. पण गारव्यात, आराम करत असताना आकडा ४०च्या वर राहत असेल, किंवा पोट आत ओढून, कोपर बाहेर काढून, मान ताणून तो श्वास घेत असेल, आडवं व्हायलाच तयार नसेल, तर ती तातडी आहे. इथे बाकी काही तपासत बसायचं नाही.

दुसरी, हिरड्या. ओठ वर करून हिरडीचा रंग बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडली की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हिरड्या पांढऱ्याफटक असतील तर रक्त कमी पडतंय किंवा आत कुठेतरी वाहतंय. निळसर असतील तर प्राणवायू कमी पडतोय. विटेसारख्या लाल असतील तर उष्माघात किंवा जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. पिवळ्या असतील तर कावीळ. यातलं एकही चालण्यासारखं नाही. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. आणि हो, कुत्रा धडधाकट असताना एकदा त्याच्या हिरड्या बघून ठेवा. नेहमीचा रंग माहीत नसेल तर बदललेला रंग कसा कळणार?

तिसरी, शुद्ध. नावाने हाक मारल्यावर बघतो का? उभा राहतो का? चालताना झोकांड्या जातात का? आवडता घास नाकाशी धरला तरी लक्ष नाही, उठवून उभं केलं की कोसळतो, मागचे पाय अचानक ओढत चालतो, किंवा झटका पाच मिनिटांत थांबत नाही वा एकाच दिवसात पुन्हा पुन्हा येतो, या सगळ्यांना उत्तर एकच : गाडी काढा.

थर्मामीटर असेल तर ताप बघा, पण त्याला चौथं स्थान द्या. कुत्र्याचं शरीर आपल्यापेक्षा गरम असतं. गुदद्वारातून मोजलेलं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट तापमान हे त्याच्यासाठी अगदी नेहमीचं. 'कपाळ गरम लागतंय' म्हणून घाबरण्यात अर्थ नाही आणि 'नाक ओलं आहे' म्हणून निर्धास्त होण्यातही नाही. १०४च्या वर किंवा ९९च्या खाली गेलं तर मात्र पशुवैद्यकाला लगेच फोन करायचा. कुत्र्याचं थर्मामीटर घरातल्या माणसांच्या थर्मामीटरपासून वेगळं ठेवावं, हे सांगायला नकोच.

घड्याळाशी शर्यत असलेले आजार

वरच्या तिन्ही गोष्टी सुरुवातीला ठीक दिसतात आणि तरीही वेळ दवडता येत नाही, असे काही आजार आहेत. ते तोंडपाठच असावेत.

जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर हवेने फुगून स्वतःभोवती पिळा घेतं. कुत्रा अस्वस्थ फेऱ्या मारतो, लाळ गाळतो, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखं टणक होतं. 'गॅस झालाय, ओवा देऊ' म्हणत घालवलेले दोन तास त्याचा जीव घेऊ शकतात. याला शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही.

नर कुत्रा पाय वर करून पुन्हा पुन्हा जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग अडला आहे. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. तुंबलेल्या लघवीबरोबर रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. माणसातही नेमकं हेच होतं.

शस्त्रक्रिया न झालेल्या मादीला, माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत, गर्भाशयात पू होऊ शकतो. खूप पाणी पिणं, जेवण टाकणं, मरगळ, कधी मागून दुर्गंधीयुक्त स्राव. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्रावही दिसत नाही, आणि तोच प्रकार जास्त घातक. व्यायला लागलेली मादी अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल, तर तीही तातडीच.

लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब सुरू झाले, तर पार्व्हो विषाणूची शंका घ्यावी. हा विषाणू कुत्र्यांत १९७८च्या सुमारास जगभर पसरला आणि अजून वस्त्यावस्त्यांत आहे. पिल्लाच्या अंगात पाणी ते किती; आपल्या बाळाच्या जुलाबांत जी घाई करतो तीच इथे करायची.

उन्हाळ्यात विदर्भात पारा ४५च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकणं हाच त्याचा पंखा, आणि पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा तो पंखाही अपुरा. उष्माघातात मात्र नियम उलटा आहे : आधी थंड करा, मग न्या. सावलीत आणा, अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा, आणि ओल्या अंगानेच गाडीत घाला. तरतरी आली तरी दवाखाना टाळू नका. मूत्रपिंडाला, यकृताला झालेली इजा दुसऱ्या दिवशी डोकं वर काढते.

शेतात, गोठ्यात, कोकणातल्या आवारात अचानक थोबाड किंवा पाय सुजला, पापण्या जड होऊन कुत्रा लडखडू लागला, तर सर्पदंश समजा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांविरुद्धची जी लस आम्ही माणसांना देतो, तीच पशुवैद्यकही वापरतात. पण ती प्रत्येक दवाखान्यात नसते, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. आवळून बांधणं, चिरा देणं, हळद भरणं, यात फक्त वेळ जातो.

आणि गोचिडांचा ताप. मरगळलेला कुत्रा, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, कोकासारखी गडद लघवी. गोचिडांतून जाणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू आपल्याकडे सर्रास आढळतात. नुसता ताप असेल तर सकाळी नेऊन चालेल. रक्तस्राव, गडद लघवी किंवा फिकट हिरड्या असतील तर नाही.

थांबायचं, पण कुठवर?

प्रत्येक उलटीला रात्री धावायची गरज नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. एखाद-दुसरी उलटी, रक्त नसलेली पातळ शी, एक जेवण नाकारणं, पाय टेकवून लंगडणं, कान खाजवणं : कुत्रा खेळकर असेल, पाणी पिऊन पोटात ठेवत असेल, श्वास-हिरड्या-शुद्ध ठीक असतील, तर सकाळ गाठता येते. थोडं थोडं पाणी द्या, पोटाला विश्रांती द्या, लक्ष ठेवा.

मात्र 'बघू' या शब्दाला माझा आक्षेप आहे. माणसांच्या बाबतीतही 'बघू'ने जेवढे बळी घेतले, तेवढे चुकीच्या औषधांनी घेतले नसतील असं मला वाटतं. थांबायचं ठरवलंत, तर काय बघणार, किती वेळाने बघणार, आणि काय दिसलं की निघणार, हे थांबतानाच ठरवा. गजर लावा. दर दोन-तीन तासांनी श्वासाचा आकडा आणि हिरड्यांचा रंग कागदावर लिहा. काही तासांत तिसरी उलटी, पोटात न टिकणारं पाणी, रक्त, किंवा वाढलेला श्वास, यांतलं काही दिसलं की चर्चा बंद. आणि सहा महिन्यांखालचं पिल्लू, म्हातारं कुत्रं, गाभण मादी, मधुमेह किंवा हृदयविकार असलेलं कुत्रं, यांना हा थांबण्याचा नियम लागू नाही. त्यांच्यासाठी फोन लगेच.

घरातली औषधपेटी बंद ठेवा

आता पॅरासिटामॉलकडे. कुत्र्याच्या अंगात ते चुकीच्या मात्रेत यकृत खराब करतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतं; मांजरीला तर एक गोळीही मारू शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं बंद पडतात. एका जातीचं औषध दुसऱ्या जातीचं विष कसं ठरतं, याचा मोठा धडा आपल्याच देशाने घेतला आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे त्यांचं मेलेलं मांस खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन लाखोंनी मेली, आणि २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणावी लागली. तेव्हा 'आम्हाला चालतं ना, मग त्याला थोडं कमी देतो' हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. या बाबतीत माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती : शेजारधर्म म्हणून फोनवर कुत्र्याला गोळी सांगू नका.

स्वयंपाकघरातही सावध राहायला हवं. चॉकलेट, कांदा-लसूण, 'शुगर-फ्री' च्युइंगममधलं झायलिटॉल, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला बाधतात. बेदाण्यांच्या बाबतीत किती खाल्ले म्हणजे त्रास होईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून प्रसादाचा शिरा त्याला देऊ नये. आंब्याची कोय आणि मक्याचं खाऊन टाकलेलं कणीस आतड्यात अडकतं, आणि मग शस्त्रक्रियाच करावी लागते.

सर्वांत फसवं उंदरांचं औषध. रक्त पातळ करणारं विष खाल्लेला कुत्रा तीन-चार दिवस मजेत असतो, आणि मग अचानक आत रक्तस्राव सुरू होतो. वेळेवर कळलं तर त्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. म्हणजे इथे कुत्रा ठणठणीत दिसत असतानाच धावायचं आहे. झिंक फॉस्फाइडचं उलट. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की विषारी वायू तयार होतो आणि काही तासांत खेळ संपतो. खायला घातलं की आम्ल वाढतं, म्हणून दूध-भात भरवू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. पाकीट बरोबर घ्या, गाडीच्या काचा उघड्या ठेवा, निघा.

गोचीड मारायला शेतातलं कीटकनाशक अंगाला चोळण्याची पद्धत गावोगाव आहे. त्यानंतर लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या आणि घरघर ही जी लक्षणं दिसतात, ती आमच्या वॉर्डात विषबाधेने येणाऱ्या शेतकऱ्यांची तंतोतंत आहेत. औषध चोळणाऱ्या माणसाच्या कातडीतूनही ते आत जातं, हे विसरू नये.

हात घालण्याआधी

आता माझ्या स्वतःच्या अधिकारातला मुद्दा, आणि या लेखाचं खरं कारण. रेबीज म्हटलं की लोकांना पिसाळून धावत सुटलेला कुत्रा आठवतो. पण रेबीजचा एक मूक प्रकारही असतो. कुत्रा सुस्त होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलंय. आणि मायेने, अगदी मायेनेच, कोणीतरी तोंडात हात घालून हाड शोधायला जातं.

तो हात घालू नका. लसीकरणाची खात्री नसलेल्या कुत्र्याची गिळण्याची तक्रार रेबीज नाही हे ठरेपर्यंत रेबीजच समजावी. मुलांना दूर करा, कुत्र्याला खोलीत किंवा आवारात बंद करा, पशुवैद्यकाला आधी शंका सांगा आणि मगच बोलवा. लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली असेल किंवा दात-ओरखडा लागला असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. लस तिथे मोफत आहे. लाळेतून रेबीज पसरवणारा कुत्रा १० दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो, म्हणून त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवतात. पण त्या १० दिवसांसाठी आपली लस अडवून ठेवायची नाही, ती पहिल्याच दिवशी सुरू करायची. लक्षणं दिसू लागली की रेबीजवर इलाज नाही. इतकं स्पष्ट विधान वैद्यकशास्त्रात फार थोड्या आजारांबद्दल करता येतं.

तसंच पावसाळ्यात ताप येऊन पिवळा पडलेल्या कुत्र्याचं. त्याला लेप्टोस्पायरोसिस असू शकतो आणि त्याच्या लघवीतून तो घरच्यांना होऊ शकतो. हातमोजे न घालता फरशी पुसू नका. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरात कोणाला ताप आला, तर डॉक्टरांना 'आमचा कुत्रा आजारी होता' हे वाक्य आवर्जून सांगा. आम्ही विचारायला विसरलो तरी सांगा.

दुखणाऱ्या कुत्र्याला रेबीज नसला तरी तो चावू शकतो, घरच्या माणसालाही. उचलताना चादरीची झोळी किंवा फळी वापरा, तोंड मऊ पट्टीने बांधा; पण धाप लागलेल्या, उलट्या होणाऱ्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याचं तोंड बांधू नका. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. झटक्याचं किंवा श्वासाचं मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करा. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो, आणि डॉक्टरला ते चित्रण दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतं.

रात्रीचा पत्ता

इथपर्यंतचं सगळं घरच्या माणसाच्या हातात आहे. पण 'आता न्यायलाच हवं' हे कळल्यावर न्यायचं कुठे? मुंबईत परळला प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालयही उभं राहिलं. पुण्यातही रात्रीची खासगी सेवा मिळते. जिल्ह्याच्या गावी मात्र रात्री दहानंतर शोधाशोध सुरू होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी उभे राहिले आणि ठरलेल्या वेळेत चालतात. १९६२ या क्रमांकावर मिळणारं फिरतं पथक शेतकऱ्याच्या दारात सेवा नेतं, हे मोठंच काम आहे. पण मध्यरात्री मूत्रमार्ग अडलेल्या कुत्र्यासाठी ती यंत्रणा बेतलेली नाही.

माझी मागणी नव्या इमारतींची नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या गावात पशुवैद्यकांनी आपसांत रात्रपाळीची यादी करावी, आणि महापालिका-नगरपालिकेने ती दर महिन्याला छापावी, फलकावर लावावी. रात्री कोणतं औषध दुकान उघडं, हे जसं कळतं तसं हेही कळावं. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात रात्री किमान एक पशुवैद्यक, सलाइन, प्राणवायू आणि सर्पविषाची लस असावी. हे मोफत असावं असंही मी म्हणत नाही. रास्त शुल्क घ्यावं.

यावर आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा : माणसांना खाटा मिळत नाहीत त्या राज्यात कुत्र्यांची रात्रपाळी कशाला? खाटांच्या टंचाईत काम करणारी मी, हा प्रश्न मला हलका वाटत नाही. पण रेबीज, लेप्टोस्पायरोसिस हे आजार जनावर आणि माणूस असा भेद करत नाहीत. लाळ गाळणारा कुत्रा रात्रीच योग्य हातांत पडला, तर घरातल्या चौघांना सकाळी लशीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. शिवाय एका गोळीची चुकीची मात्रा देऊन, 'बघू' म्हणत रात्र काढणाऱ्या घराला जे सोसावं लागतं, त्याची नोंद कुठल्याच आकडेवारीत होत नाही.

शेवटी पैशांचं. रात्रीची तातडीची सेवा महाग असते आणि त्याबद्दल बोलायला लोक लाजतात. लाजू नका. कुत्रा बरा असतानाच घरात एकदा बसून ठरवा : किती खर्च झेपेल, रात्री गाडी कोणाची, नेणार कोण. दवाखान्यात तीन प्रश्न सरळ विचारा : वाचण्याची शक्यता किती, खर्च किती, आणि यात त्याला यातना किती? कधीकधी उत्तर असं येतं, की वेदना थांबवणं एवढंच हातात आहे, आणि पशुवैद्यक शांत मरणाचा पर्याय समोर ठेवतात. तो निवडणं म्हणजे हार मानणं नव्हे. पण तो पर्यायही तपासणीनंतरचा असावा, सकाळी आपोआप लादला गेलेला नसावा.

म्हणून आजच, कुत्रा पायाशी लोळत असताना, दोन कामं करून टाका. त्याचा झोपेतला श्वास मोजून आणि हिरड्यांचा रंग बघून कॅलेंडरवर लिहा. आणि नेहमीच्या पशुवैद्यकांना विचारा, 'रात्री गरज पडली तर कोणाला फोन करू?' तो क्रमांक त्याच आकड्याखाली लिहून ठेवा.